कधी चालतं, कधी बंद: जुन्या ट्रकमधला येत-जात राहणारा इलेक्ट्रिक फॉल्ट कसा पकडायचा

पाऊस लागला की वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलपासून वाशीच्या बाजार समितीपर्यंत एकच तक्रार ऐकू येते. रस्त्यावर लाईट जाते, इंडिकेटर भलतंच काहीतरी करतात, सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, लागत नाही. आणि गाडी वायरमनसमोर उभी केली की सगळं व्यवस्थित. मग अंदाजाने पार्ट बदलायला सुरुवात होते. आधी बॅटरी, मग ती चार्ज करणारा अल्टरनेटर, मग सेल्फ. महिन्याभरात हजारो रुपये जातात आणि पुढच्या पावसात हिंदमाताच्या साचलेल्या पाण्यातून गाडी निघाली की तोच फॉल्ट पुन्हा हजर.

माझं म्हणणं एवढंच आहे की फॉल्ट चालू असताना मीटरवर दिसल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. येत-जात राहणारा फॉल्ट बहुतेक वेळा पार्टमध्ये नसतोच. तो दोन पार्टच्या मधल्या जोडात असतो: अर्थच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडाच्या, बोल्टखाली, लगच्या (वायरच्या टोकावरच्या धातूच्या कानाच्या) आत, फ्यूजच्या क्लिपवर, टेपखालच्या पिळलेल्या जॉइंटमध्ये. नवा पार्ट बसवताना तो जोड हलतो, घासला जातो, आणि काही दिवस गाडी बरी चालते. म्हणून पार्टच खराब होता असं वाटतं.

खाली लिहिलंय ते टाटा ४०७ च्या वर्गातल्या, मेकॅनिकल पंपाच्या, कॉम्प्युटर नसलेल्या १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी. २४ व्होल्टच्या मोठ्या गाड्यांना पद्धत तीच लागू पडते. फक्त बॅटरी आणि चार्जिंगचे आकडे दुप्पट धरायचे.

या जुन्या डिझेल गाड्यांत एक मोठी सोय आहे. एकदा सुरू झालं की इंजिनाला चालू राहायला करंट लागत नाही. त्यामुळे लाईट, हॉर्न, मीटर सगळं गेलं आणि इंजिन चालूच राहिलं, तर डिझेलच्या बाजूला बघायचं कारण नाही. याला अपवाद आहे तो सॉलेनॉइडने, म्हणजे करंटवर चालणाऱ्या खटक्याने, बंद होणाऱ्या गाड्यांचा. त्यातल्या काहींत इंजिन चालू ठेवायला सॉलेनॉइडला सतत करंट मिळावा लागतो. अशी गाडी खड्ड्यात आदळून अचानक बंद पडत असेल आणि पुन्हा चावी फिरवली की लगेच सुरू होत असेल, तर फिल्टर आणि पंप खोलण्याआधी सॉलेनॉइडची वायर धरून हलवून बघा.

आधी नोंद, मग पाना

गाडी चालवणाऱ्याने जे पाहिलंय ते मीटरला कधीच कळणार नाही. त्यामुळे बॉनेट उघडण्याआधी त्याला बसवून विचारा. नक्की काय बंद पडतं? एकच गोष्ट की तीन-चार एकदम? गाडी थंड असताना की तास-दोन तास चालल्यावर? खड्ड्यात, वळणावर, ब्रेक दाबल्यावर? पाऊस होता का, की पाऊस थांबल्यावर? माल भरलेला होता की रिकामी? त्या वेळी आणखी काय चालू होतं? डॅशबोर्डवर वही ठेवा आणि फॉल्ट आला की लगेच लिहायला सांगा. संध्याकाळी आठवून सांगितलेल्यात निम्मं गळतं.

उत्तरांवरून दिशा मिळते. खड्ड्यात जाणारी गोष्ट म्हणजे सैल जोड किंवा आतून तुटलेली वायर. गरम झाल्यावर जाणारी म्हणजे चावीचा स्विच, रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), सेल्फचा सॉलेनॉइड किंवा कटआउट (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर). स्टिअरिंग फिरवताना जात असेल तर स्टिअरिंग कॉलमखालून जाणारी वायरिंग. फक्त भरलेल्या गाडीत येत असेल तर चासीजवळ कुठेतरी वायर दबते किंवा ताणली जाते. आणि पावसात न येता पाऊस उघडल्यावर दुसऱ्या दिवशी येत असेल, तर कुठल्यातरी कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये, पाणी साचून राहिलंय.

सर्वात महत्त्वाचा प्रश्न मात्र पहिलाच. तीन-चार गोष्टी एकत्र जात असतील तर त्या तीन-चार पार्टकडे बघूच नका. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधा. एक फ्यूज, एक मुख्य वायर, नाहीतर एक अर्थ. बहुतेकदा अर्थ.

ओहमवर विश्वास ठेवू नका

लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मीटर मिळतो, या कामाला तो पुरतो. पण तो कसा वापरायचा यात बरेच जण फसतात. वायर काढून दोन टोकांना बीप वाजवून बघतात. बीप वाजला की वायर चांगली असा निकाल देतात.

वायरच्या तीस तारांपैकी एकोणतीस तुटल्या आणि एकच शिल्लक राहिली तरी मीटर बीप वाजवतो, कारण मीटरचा करंट अगदी किरकोळ असतो. त्याच वायरवर दोन हेडलाईटचा लोड टाका, म्हणजे साधारण ९-१० ॲम्पियर, आणि ती उरलेली तार तापून हात टेकते. हिशेब सोपा आहे. जोडात ०.१ ओहम अडथळा असेल आणि त्यातून १० ॲम्पियर जात असतील, तर १ व्होल्ट तिथेच खाल्ला जातो आणि १० वॅट उष्णता त्या एका जोडात तयार होते. स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळाच एवढा किंवा जास्त असतो. तो ०.१ ओहम त्याला दिसणार कसा?

म्हणून मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लोड चालू ठेवा आणि व्होल्टेज कुठे पडतंय ते मोजा. कुठलीही वायर काढायची नाही. सगळं जोडलेलं, सगळं चालू.

अर्थपासून सुरुवात

बॅटरी आधी बघून घ्या. रात्रभर उभ्या गाडीत पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाता कामा नये. हे पटकन होतं, आणि पुढच्या सगळ्या मोजण्याला पाया मिळतो.

मग हेडलाईट चालू करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर टेकवा. क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या पोलवर. दुसरी पिन त्याच बॅटरीच्या क्लॅम्पवर, मग केबलच्या लगवर, मग चासीवर, मग इंजिनच्या ब्लॉकवर, मग केबिनच्या उघड्या लोखंडावर, मग हेडलाईटच्या अर्थवर अशी पुढे पुढे नेत जा. प्रत्येक ठिकाणी आकडा बघा. एकूण ०.२ व्होल्टपर्यंत चालतं. ज्या पायरीवर आकडा एकदम उडी मारतो, फॉल्ट त्याच पायरीत आहे. इंजिनचा अर्थ तपासताना दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला लावा, तिथे ०.५ पर्यंत सोडून द्या, त्यापुढे नको.

इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं. त्याचा अर्थ फक्त इंजिन आणि चासी जोडणाऱ्या एका जाळीच्या पट्टीतून येतो. पट्टी तुटली की सेल्फचा शेकडो ॲम्पियरचा करंट दुसरी वाट शोधतो आणि कधी क्लचच्या, कधी स्पीडोमीटरच्या केबलमधून परततो. सेल्फ मारल्यावर एखादी केबल कोमट लागली तर दुसरं काही तपासू नका, पट्टी बघा. केबिन आणि चासी यांच्यामधली पट्टीही तितकीच महत्त्वाची. डेंटिंग-पेंटिंग करताना ती काढतात, नंतर रंगावरच बोल्ट आवळतात. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जातो तेवढाच.

आणि आपल्याकडची हवा. शिवडी, माझगाव, ससून डॉक, उरणच्या बाजूला उभी राहणारी गाडी वर्षभर खारं खाते. तांब्यावर हिरवट पूड चढते आणि ती इन्सुलेशनच्या आत हातभर लांब सरकत जाते. वरून वायर नवी दिसते, नखाने सोलली की आत काळं.

मासळीच्या गाडीचं उदाहरण

ससून डॉकवरून मासळी उचलणारी एक जुनी गाडी माझ्याकडे आली होती. चालवणारे मामा सांगत होते, "दादा, रात्री रिकामी आणतो तेव्हा लाईट एकदम ओके. पहाटे माल भरून निघालो की मागचं सगळं येडं होतं." मागे दोन वेळा टेल लॅम्प बदलून झाले होते, इंडिकेटर लुकलुकवणारा फ्लॅशरही नवा होता.

हेडलाईट, पार्किंग बंद ठेवून मामांना ब्रेक दाबायला सांगितला. उजवा स्टॉप लाईट नीट पेटला. डावा पेटलाच नाही, त्याऐवजी पार्किंग बंद असूनही त्याच लॅम्पचा पार्किंगचा मंद उजेड आला. मग पार्किंग चालू करून पुन्हा ब्रेक दाबायला लावला, तर डावा टेल लॅम्प जो थोडाफार पेटत होता तोही विझला.

हे लक्षण दिसलं की पैज लावून सांगावं, त्या लॅम्पचा अर्थ गेला. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, २१ वॅटचा ब्रेकचा आणि ५ वॅटचा पार्किंगचा, आणि दोघांचा अर्थ एकच. अर्थ तुटला की ब्रेकचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा शिरतो आणि पार्किंगच्या वायरने पुढच्या दिव्यांपर्यंत जाऊन तिथल्या चांगल्या अर्थमधून उतरतो. म्हणून ब्रेक दाबल्यावर त्याच लॅम्पमध्ये ब्रेकऐवजी पार्किंगचा उजेड. पार्किंग आणि ब्रेक दोन्ही चालू असले की बल्बच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्ट येतात, करंट वाहायला फरकच उरत नाही, बल्ब विझतो.

लॅम्पचा अर्थ ब्रॅकेटच्या स्क्रूवर होता. बर्फाचं खारं पाणी फाळक्याच्या फटीतून नेमकं त्या ब्रॅकेटवर गळत होतं. रिकाम्या गाडीत गंज कोरडा राहून कसाबसा कॉन्टॅक्ट व्हायचा. माल भरला, चासी थोडी वाकली, पाणी गळायला लागलं की सुटायचा. दोन्ही टेल लॅम्पना चासीच्या आतल्या बाजूपर्यंत वेगळी अर्थ वायर ओढली, गंजलेल्या ब्रॅकेटवर अर्थचा भरवसा ठेवलाच नाही. लॅम्प आणि फ्लॅशर दोन्ही शेवटपर्यंत चांगले होते.

अर्थचा संशय असला की आणखी एक झटपट तपासणी करता येते. एक लांब वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं बिघडलेल्या दिव्याच्या अर्थवर टेकवा. दिवा उजळला की विषय संपला.

फ्यूज बॉक्स

जुन्या सिरॅमिक फ्यूजच्या बॉक्समध्ये फ्यूज न उडताही लाईट जाते. फ्यूजच्या टोकावर आणि पितळी क्लिपवर पातळ थर चढतो, क्लिपचं स्प्रिंग ढिलं पडतं. फ्यूज बोटाने नुसता फिरवला आणि लाईट आली, तर फॉल्ट सापडलाय. पण तेवढ्यावर गाडी सोडू नका. बॅटरीचा निगेटिव्ह काढा, क्लिपा पॉलिशपेपरने घासा, हलक्या हाताने आत दाबा, फ्यूज नवे घाला. पांढरा ८ ॲम्पियर, लाल १६, निळा २५. बॉक्सचं प्लॅस्टिक क्लिपभोवती पिवळं-तपकिरी झालं असेल तर तो जोड कित्येक दिवस तापतोय. अख्खा बॉक्स बदला.

फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली किंवा सिगारेटच्या पाकिटाची चंदेरी लावलेली दिसली तर गाडी पुढे नेऊ नका. तिथे फॉल्ट उडणार नाही, वायरिंग जळेल. केबिनमध्ये माणूस झोपतो हे लक्षात ठेवा.

सेल्फ नुसता टक करतो

गाडी थंड असताना सेल्फ लागतो, भिवंडीहून येऊन माल उतरवून पुन्हा चावी मारली की नुसतं टक. धक्का मारायला माणसं गोळा होतात. इथे सेल्फ उतरवण्याआधी सॉलेनॉइडच्या बारीक वायरवर, म्हणजे चावीवरून येणाऱ्या वायरवर, चावी मारताना किती व्होल्ट येतात ते मोजा. बॅटरीवर ११ आणि तिथे ८ दिसले तर मधले ३ व्होल्ट चावीच्या स्विचने आणि त्याच्या कपलरने खाल्ले. स्विच बदला, किंवा स्विचवरचा लोड कमी करायला मधे रिले टाका. जुन्या गाडीला रिलेच बरा पडतो, कारण नवा स्विचही तोच लोड उचलत राहिला तर काही वर्षांनी तिथेच येतो.

बारीक वायरवर व्होल्ट पुरेसे असतील, मुख्य केबल आणि अर्थही पास झाले असतील, तरच सेल्फ उतरवा. मग आत कार्बन ब्रश झिजलेले किंवा सॉलेनॉइडचे तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेले सापडतील.

चार्जिंग येतं-जातं

इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत. मग हेडलाईट, वायपर, सगळं चालू करून पुन्हा बघा. पावसात पहिल्या दहा मिनिटांत चार्जिंग कमी आणि नंतर ठीक, सोबत किंचाळल्यासारखा आवाज, म्हणजे ओला पट्टा घसरतोय. चार्जिंगचा दिवा रेस केल्यावरही मंद पेटून राहत असेल तर अल्टरनेटरचे डायोड आणि मागचा कपलर. खड्ड्यात दिवा लुकलुकला तर ब्रश किंवा मागची वायर.

आता एका सवयीबद्दल, कारण त्यात लोकांचे पैसे फार गेलेत. इंजिन चालू असताना बॅटरीचा टर्मिनल काढून "डायनॅमो चालतोय का" बघायची पद्धत अजून ठिकठिकाणी दिसते. अल्टरनेटरच्या गाडीत हे करू नका. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळतं. डायोड, कटआउट, हेडलाईटचे बल्ब, काहीही जाऊ शकतं. रस्त्यात सैल टर्मिनल खड्ड्यात उडतो तेव्हाही नेमकं हेच होतं. वारंवार बल्ब किंवा कटआउट जाणाऱ्या गाडीत टर्मिनल हाताने पिळून बघा. हलला तर तोच गुन्हेगार.

२४ व्होल्टच्या गाडीवाल्यांना एक सांगणं: टेप, पंखा किंवा मोबाईल चार्जर दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेऊ नका. एक बॅटरी कायम उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि सहा महिन्यांत दोन्ही बदलाव्या लागतात. त्यासाठी २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर मिळतो.

तरीही सापडत नसेल तर

उभ्या गाडीत फॉल्ट आणायचा प्रयत्न करा. लोड चालू ठेवून एक माणूस दिव्यांकडे बघेल, दुसरा वायरिंग वीतभर-वीतभर हलवत जाईल. घासण्याच्या जागा ठरलेल्या असतात: केबिनच्या पत्र्यातून वायर बाहेर पडते तिथला रबर, सायलेन्सरजवळचा भाग, चासीच्या क्लिपा, मागच्या चाकाचा चिखल उडतो ती जागा, आणि ज्यांचं केबिन पुढे कलतं त्यांच्यात बिजागरीजवळची वाकणारी वायर. हलवून येत नसेल तर साध्या स्प्रेच्या बाटलीने एकेक कपलर ओला करा, प्रत्येकानंतर थांबून बघा. गरम झाल्यावर येणाऱ्या फॉल्टला केस वाळवायचा ड्रायर चालतो. रिले आणि कटआउटवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके टोले मारा.

इतकं करूनही गाडी उभी असताना शहाण्यासारखी वागत असेल, तर तिच्याबरोबर साक्षीदार पाठवा. १२ व्होल्टचे दोन-तीन छोटे बल्ब होल्डरसकट घ्या. संशयित वाटेवरच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकेक लांब वायर काढून हे बल्ब केबिनमध्ये डॅशबोर्डवर लावा, प्रत्येक वायरला सुरुवातीलाच २ ॲम्पियरचा फ्यूज. समजा हॉर्न आणि वायपर एकदम जातात. एक बल्ब बॅटरीकडून येणाऱ्या मुख्य वायरवर, दुसरा चावीच्या स्विचच्या पुढे, तिसरा फ्यूजच्या पुढे. तिन्हींचा अर्थ थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा, केबिनला नको. फॉल्ट आला की चालवणाऱ्याने गाडी थांबवायची नाही, फक्त बघायचं: कुठला विझला? पहिले दोन पेटलेले आणि तिसरा विझलेला असेल तर स्विचच्या पुढे, फ्यूजच्या आसपास. तिन्ही पेटलेले आणि हॉर्न-वायपर बंद, म्हणजे करंट पोचतोय, अर्थ सुटतोय. घोडबंदर रोडची एक फेरी या बल्बांसकट मारली की गॅरेजमध्ये दिवस घालवून न मिळालेलं उत्तर मिळतं.

जोड करायचा तो असा

फॉल्ट सापडल्यावर वायर पिळून टेप मारली तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा भेटू. टेपचा गोंद उन्हात सुटतो आणि पाणी आत धरून ठेवतो. काळं तांबं चमकदार लागेपर्यंत मागे कापा, तेवढा नवा तुकडा जोडा. लग पक्क्या क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा, वर हीटश्रिंक स्लीव्ह, शक्यतो आत गोंद असलेली. अर्थच्या जागी रंग खरवडून लोखंड उघडं करा, दात असलेला वॉशर घाला, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावा. आंबट वासाचं सिलिकॉन वायरच्या जोडावर भरू नका. ते सुकताना आम्ल सोडतं आणि तांबं खातं. कपलरकडे येणारी वायर थोडी खाली लोंबती ठेवून मग वर न्या, म्हणजे पाणी खालच्या वळणावरून गळून जातं.

काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह आधी काढायचा आणि शेवटी लावायचा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका.

टेल लॅम्पची वायरिंग दोन-तीन ठिकाणी सोलून बघितली आणि सगळीकडे तांबं काळंच निघालं, तर जोड मारत बसू नका. केबिनपासून मागेपर्यंतची वायरिंग नवी टाका, पाइपात घालून, चासीच्या आतल्या बाजूने. पुढची जुनी वायरिंग सोलल्यावर लाल तांबं दाखवत असेल तर तिला हात लावू नका. हे काम मे महिन्यातच उरकून घ्या. जूनमध्ये ओल्या चासीवर अर्थ पक्का बसत नाही, आणि वायरमनलाही तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो.